वसुधाने बांधलेलं अणुकेंद्र

फोन ऑफिसात आला तेव्हा मी नुकताच जेवणाचा डबा उघडला होता. "शुभा मॅडम का? मी घोडबंदर रोडवरून बोलतोय, सावंत. निकम मॅडमचा शेजारी. मॅडम गेल्या हो आज सकाळी…" वसुधा आजारी होती हे मला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वीच मी तिच्याकडे जाऊन आलेले, तिचे हात हातात घेऊन बसलेले. तरी माझ्या तोंडून निघालं, "कुठे गेल्या?" सावंतांना माझी दया आली असावी. म्हणाले, "तुम्ही या. सावकाश या. आम्ही थांबतो." ठाण्याच्या स्मशानात आम्ही मोजकीच माणसं होतो. तिच्या रक्ताचं त्यात कुणी नव्हतं. अग्नी सावंतांनी दिला. गुरुजींनी गोत्र विचारलं, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही.

त्याला आता काही आठवडे झाले. तिच्याबद्दल कुठे चार ओळी छापून येण्याचं कारण नव्हतं. ती कुणी नामवंत नव्हती. पण या देशातलं एक अणुवीज केंद्र, खरं उभं राहण्याआधी, तिने आपल्या हातांनी पाइपाला पाइप जोडून उभं केलं होतं, आणि त्या केंद्राने तिचं काय केलं हे मी पाहिलं आहे. केंद्राचं आणि आमच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या नावांशी मला काही देणंघेणं नाही. मला वसुधाबद्दल सांगायचं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी डोंबिवलीहून ठाण्याला नोकरीला जायला लागले. आमची कंपनी वीज केंद्रांचे आराखडे करायची. मी ड्रॉइंग सेक्शनला, आणि काचेच्या दारापलीकडच्या लांबलचक खोलीत मॉडेल सेक्शन. अणुकेंद्राच्या पोटात इतके पाइप, इतके पंप, इतक्या केबल असतात की नुसते कागदावरचे नकाशे पुरत नाहीत. एकाच जागेवर एका विभागाने पाइप काढलेला असतो आणि दुसऱ्याने जिना, आणि दोन्ही कागद आपापल्या परीने बरोबर असतात. ते साइटवर कळलं तर भिंती फोडाव्या लागतात. म्हणून आधी सगळं केंद्र खऱ्याच्या तिसाव्या हिश्श्याने प्लास्टिकमध्ये बांधायचं. ॲक्रिलिकच्या पारदर्शक भिंती, वाफेचे पाइप लाल, पाण्याचे निळे, केबल ज्यांतून नेतात ते पन्हळीसारखे ट्रे पिवळे. ॲक्रिलिक चिकटवायला क्लोरोफॉर्म लागायचा, त्याचा गोडसर वास त्या खोलीला कायम असे. मोठमोठ्या टेबलांवर केंद्राचे भाग मांडलेले, आणि त्यांच्यामध्ये केस घट्ट बांधून, ओठ आवळून, हातात दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घेऊन वाकलेली वसुधा. तो आरसा तिने नौपाड्यातल्या एका दाताच्या डॉक्टरांकडून मागून आणला होता. पाइपांच्या गर्दीत जिथे डोळा पोचत नाही, तिथे ती तो आरसा सरकवायची.

ती कल्याणजवळच्या मोहन्याची. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. गाव साताऱ्याकडचं. ते अकाली गेले तेव्हा वसुधाचा डिप्लोमा नुकताच झाला होता, आणि धाकटा भाऊ अजित शाळेत होता. घर तिच्यावर आलं. त्याचा तिने कधी गवगवा केला नाही, की लग्नाचा विषय काढणाऱ्याला कधी नीट उत्तर दिलं नाही. "आधी अज्याचं होऊ दे," एवढंच.

ॲक्रिलिकचा एक तुकडा घासून तिने दोन पेरांएवढा माणूस केला होता. त्याला ती बंडू म्हणायची. मॉडेलमधला कुठलाही भाग पुरा झाला की बंडू त्यातून चालायचा. दारातून आत, पंपाशी, व्हॉल्व्हशी, जिन्याने वर. कुठे त्याचं डोकं आपटलं, कुठे हात पोचला नाही, की वसुधा तडक इंजिनिअरांच्या टेबलाशी जाऊन उभी. आमचे साहेब, गोखले म्हणू त्यांना, हसायचे. "वसुधा, अगं पाइप बसला ना? मग झालं!" ती म्हणायची, "पाइप बसला सर. माणूस बसत नाही." आणि बहुतेक वेळा नकाशा बदलायचा. गोखले साहेब चांगलेच होते. तिचं ऐकणारे होते, म्हणून तर ती तिथे फुलली.

शनिवारी अर्धा दिवस असायचा. अजित कल्याणहून यायचा, गेटवर चिठ्ठी पाठवायचा, आणि साहेबांच्या परवानगीने आत येऊन तासन्‌तास त्या मॉडेलभोवती फिरायचा. तो तेव्हा इंजिनिअरिंगला होता. बहिणीसारखाच काटकुळा, पण बडबड्या. "तायडे, हे खरं असेल तेव्हा मी याच्या आत उभा राहणार बघ," म्हणायचा. दोघांचा एक खेळ होता. मी मोहन्याला त्यांच्याकडे जेवायला गेले की हमखास व्हायचा. ताटावर बसल्या बसल्या वसुधा म्हणायची, "टर्बाइनच्या खालच्या केबलच्या भुयारात आहेस. दिवे गेले. धूर झालाय. बोल." अजित डोळे मिटायचा. हातातला घास तसाच. "डावा हात भिंतीला… भिंत सोडायची नाही… पंपाचा चौथरा लागला की उजवीकडे… मग शिडी. वर झाकण. झाकण ढकललं की बाहेर, मोकळ्या हवेत." "शाब्बास." तिची आई, मी त्यांना काकू म्हणायचे, भाकरी थापता थापता हसायच्या. "आगं, जेवू दे की त्याला. भुयारात काय घालतीस लेकराला!" आणि आम्ही सगळेच हसायचो.

अजित शिकला, चांगल्या मार्कांनी पास झाला आणि त्याच केंद्राच्या बांधकामावर ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागला. वसुधाने कुणाकडे शब्द टाकला नव्हता. पण मुलाखतीत त्याला साइटचा नकाशा दाखवला तर तो नकाशा न बघताच बोलायला लागला, आणि समोरचे लोक बघत राहिले, असं तो मोठ्या थाटात सांगायचा. त्या दिवशी तिने अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवताना म्हणाली, "शुभे, बंडू निघाला गं खरोखरचा."

साइटवरून त्याची पत्रं यायची, सुट्टीत तो स्वतः यायचा. काळवंडला होता, खांदे भरले होते. "तायडे, तुझं मॉडेल म्हणजे नुसतं खेळणं वाटतं आता. किती प्रचंड आहे माहितेय? पण एकदाही रस्ता चुकलो नाही. मजूर मला विचारतात, साहेब, इकडून कुठे निघतो?" तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते मी नंतर पुन्हा कधी पाहिलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. केंद्रात इंधन यायला अजून वेळ होता, नुसतं बांधकाम चाललं होतं. त्यामुळे जे झालं त्यात अणूचा काही संबंध नव्हता. केबलच्या भुयारात वेल्डिंग चाललं होतं. ठिणगी केबलच्या वेष्टणावर पडली आणि धुमसत राहिली. कळलं तेव्हा भुयारात काळा धूर भरला होता, दिवे गेले होते. आत अजित होता आणि त्याच्याबरोबर चार कामगार.

त्यातला एक, फोरमन, पुढे अजितला घेऊन मोहन्याला आला. अजितला म्हणजे… जे उरलं होतं ते घेऊन. मी त्या घरात होते. तो माणूस उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता. बाहेरच उकिडवा बसला आणि वसुधाला म्हणाला, "ताई, साहेब ओरडत होते, इकडून या, इकडे शिडी आहे, वर झाकण आहे. आम्हाला काय दिसत नव्हतं. आम्ही घाबरलो, आलो त्याच वाटेने पळालो. धुरातूनच. भाजलो, पण निघालो. साहेब शिडीकडे गेले."

शिडी होती. झाकणही होतं. पण काही महिन्यांपूर्वी जास्तीच्या केबल टाकायची गरज पडली, आणि साइटवरच्या कुणीतरी शिडीच्या मधून, बरोबर माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक केबल ट्रे आडवा टाकला. तात्पुरता. नकाशात नाही, कळवलं नाही, ठाण्याला काही आलं नाही. अजितचं काम दुसऱ्या टोकाला असे, त्या बाजूला तो मध्यंतरी गेलेला नव्हता. तो त्या ट्रेखाली सापडला. एक हात वर होता.

ज्यांना रस्ता माहीत नव्हता ते चौघे वाचले.

वसुधा रडली नाही. फोरमनला तिने पाणी दिलं. त्याच्या दंडाला बांधलेल्या बँडेजकडे बघत म्हणाली, "दुखतंय का अजून?" तो ढसाढसा रडायला लागला. आणि आत, भिंतीला टेकून बसलेल्या काकू एकाएकी बोलल्या. आवाज चढवला नाही, विचारावं तसं विचारलं. "तूच शिकिवलंस न्हवं त्याला, कुठनं जायाचं ते?" वसुधा तशीच उभी राहिली. काकूंनी तो प्रश्न परत कधी विचारला नाही. महिन्याभरात काकू गावी दिरांकडे निघून गेल्या. वसुधा दर दिवाळीला जायची, साडी घेऊन. काकू साडी घ्यायच्या, जेवायला वाढायच्या, बोलायच्या नाहीत. चार वर्षांनी त्या गेल्या, तेही न बोलता.

चौकशी झाली. साइटवरचा बदल न कळवता केला होता, हे कागदोपत्री मान्य झालं. कुणाची तरी बदली झाली. आमच्या कंपनीवर ठपका आला नाही. गोखले साहेब तिला केबिनमध्ये बोलावून, खुर्चीवर बसवून, अगदी हळू आवाजात म्हणाले, "वसुधा, हे बघ, आपलं मॉडेल बरोबर होतं. एक दोरा इकडचा तिकडे नव्हता." ती म्हणाली, "हो सर. बरोबर होतं म्हणूनच गेला तो." साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

ती कामावर येत राहिली. एके दिवशी तिने पिवळ्या प्लास्टिकची पट्टी कापली आणि मॉडेलमध्ये त्या शिडीवर आडवी बसवली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी ती काढली, कारण मॉडेल नकाशाप्रमाणेच हवं. तिने परत बसवली. असं बरेच दिवस चाललं. शेवटी साहेब म्हणाले, "अगं, ड्रॉइंगमध्ये नाही ना तो ट्रे." "ड्रॉइंगमध्ये नाही सर. तिथे आहे." "तिथला पण काढला गं आता. मी खात्री करून घेतली." तेव्हा ती थांबली. स्वतःच्या हाताने पट्टी काढून तिने कचऱ्यात टाकली, आणि बंडूलाही. त्यानंतर तिच्या मॉडेलमधून माणूस चालला नाही. पाइप बसला की झालं. साहेबांना पूर्वी जे हवं होतं ते आता मिळत होतं, आणि ते तिच्याकडे बघणं टाळायचे.

ते केंद्र पुरं झालं, वीज देऊ लागलं. कंपनीने ज्यांनी ज्यांनी काम केलं त्यांना बघायला न्यायचं ठरवलं. वसुधाने नाव दिलं नाही. ज्याची प्रत्येक भिंत तिच्या हाताखालून गेली होती, ते केंद्र तिने कधीच पाहिलं नाही.

नव्वद उलटलं आणि आमच्याकडे कॉम्प्युटर आले. आता अख्खं केंद्र पडद्यावर बांधायचं, हवं तिथून फिरवून बघायचं, आत चालायचं. मला त्या सेक्शनला घेतलं, शिकवायला माणूस आला. वसुधालाही विचारलं, ती नको म्हणाली. तिला नकाशांच्या रेकॉर्डरूममध्ये बसवलं. मॉडेल सेक्शनची ती लांब खोली कॉम्प्युटरसाठीच रिकामी करायची होती. भंगारवाल्याची माणसं आली. टेबलांवरून मॉडेल उचलता येईना, दारातून जाईना, म्हणून त्यांनी करवतीने तुकडे केले. दुपारभर तो आवाज चालला होता. लाल, निळे, पिवळे तुकडे पोत्यांत भरून गेले. वसुधा रेकॉर्डरूममधून बाहेर आली नाही. संध्याकाळी मी तिला न्यायला गेले, तर नकाशांच्या गुंडाळ्यांवर नंबर घालत बसली होती. "झालं का गं?" एवढंच तिने विचारलं.

त्यानंतर वर्षभराने असेल, एका शनिवारी ऑफिस सुटल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. "शुभे, ते जुनं केंद्र आहे ना तुमच्या यात?" होतं. सरावासाठी आम्ही जुने नकाशे भरले होते. "केबलचं भुयार दाखव." तेव्हाची यंत्रं संथ होती, एकेक चित्र उमटायला वेळ लागायचा. रेघांचं भुयार हळूहळू पडद्यावर आलं. रेघांचा एक माणूस आम्ही त्यात उभा करू शकायचो. ती माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. "आता ट्रे टाक. शिडीवर आडवा. सांगते कुठे." तिने सांगितलं, मी टाकला. कॉम्प्युटरने लगेच ती जागा लाल केली. दोन वस्तू एकमेकींत घुसल्या की तो तसं करतोच, त्याचं कामच ते. वसुधा त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"एवढंच हवं होतं गं… कुणीतरी इतकंच सांगायला हवं होतं."

मी पडदा बंद करायला गेले तर तिने माझा हात धरला. "थांब. आता काढ तो ट्रे." मी काढला. लाल रंग गेला. "आता माणूस चालव." मी चालवला. डाव्या भिंतीने, चौथऱ्यापाशी उजवीकडे, शिडी, एकेक पायरी, झाकण. तो बाहेर आला. बाहेर काहीच काढलेलं नव्हतं, नुसता काळा पडदा, त्यात तो माणूस उभा. "परत," ती म्हणाली. मी त्याला परत आत नेलं, परत बाहेर आणलं. "परत." शिपाई दिवे बंद करायला आला, त्याला मी हातानेच थोपवलं. किती वेळा आणला ते मी मोजलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "वसुधा, पुरे आता." ती खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकून उभी राहिली. इतक्या वर्षांत मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि मला वाटलं, आता हिचं ओझं थोडं उतरेल. तसं काही झालं नाही. सोमवारी ती आली, रेकॉर्डरूममध्ये गेली, गुंडाळ्यांवर नंबर घालत बसली.

मोहन्याचं घर तिने सोडलं आणि घोडबंदर रोडला एका नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. तिकडे तेव्हा नुसती धूळ आणि अर्धवट इमारती. इतक्या लांब एकटी कशाला जातेस, विचारलं तर म्हणाली, "तिथे मला कुणी ओळखत नाही." गेल्या वर्षी तिची साडी खांद्यावरून ज्या तऱ्हेने उतरत होती ती मला बरी दिसेना. जबरदस्तीने नौपाड्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, हात धुतले आणि विचारलं, "ही गाठ कधीपासून आहे?" "बरेच दिवस." "मग इतके दिवस…?" वसुधा खिडकीबाहेर बघत होती. बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले, भर रस्त्यात, रिक्षावाले बघत होते. ती शांतपणे म्हणाली, "ओरडू नकोस गं. मला माहीत होतं. पण दाखवून काय करायचं होतं? कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." तिने माझा दंड दाबला, पण "हो" म्हणाली नाही. औषधं झाली, ऑपरेशन झालं, उशीर झालेला होताच. अखेरच्या भेटीत मी निघताना ती एवढंच म्हणाली, "लिफ्टने नको जाऊस. जिन्याने जा."

परवा सावंतांकडून किल्ली घेऊन मी तिचं घर आवरायला गेले. आवरण्यासारखं काही नव्हतं. पलंग, गॅस, दोन पातेली, कपड्यांची एक पेटी. पलंगापासून दारापर्यंतच्या वाटेत एकही वस्तू नव्हती, साधं पायपुसणंसुद्धा नाही. सावंत दारात उभे राहून बोलत होते. "मॅडमनी आमच्या सोसायटीला लई त्रास दिला बघा… म्हणजे, राग मानू नका. जिन्यात कुणी सायकल ठेवली, कुंडी ठेवली, की यांचं भांडण. चपलांचं स्टँड पण ठेवू द्यायच्या नाहीत. रात्रीतून उचलून खाली नेऊन ठेवायच्या, एकट्या. लोक वेडी म्हणायचे. मी पण म्हणायचो. का करायच्या हो तसं?"

मी त्यांना सांगितलं. थोडक्यातच सांगितलं. ते ऐकून सावंत म्हणाले, "आम्हाला कधी बोलल्या नाहीत."

मी जिन्याने खाली उतरले. पाचव्या मजल्यावर दोन सायकली होत्या, कठड्याला साखळीने बांधलेल्या. चौथ्यावर तुळशीची कुंडी आणि रंगाचे रिकामे डबे. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कुणीतरी जुनं लोखंडी कपाट आणून ठेवलं होतं. नवं घेतलं असणार, जुनं टाकवत नसणार. जिन्याची निम्मी रुंदी त्याने अडवली होती. मी पर्स खाली ठेवली आणि ते कपाट दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. ते जागचं हललं नाही. शेजारचं दार उघडून एक बाई बाहेर आल्या, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "काय पाहिजे?"

मी काही नाही म्हटलं, अंग चोरून त्या कपाटाच्या कडेने निघाले आणि खाली आले.